निर्लेखित

शासकीय मराठीत 'निर्लेखन' असा एक शब्द रूढ आहे. जी वस्तू वापरून जीर्ण झाली, जिच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या मोलाहून अधिक होऊ लागला, ती नोंदवहीतून कमी करावयाची, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. टेबले निर्लेखित होतात, टंकलेखन यंत्रे होतात, जीपगाड्याही होतात. शब्द मात्र नोंदवहीच्या रकान्यापुरता राहत नाही. जे लिहिलेले होते ते पुसले, असा त्याचा ध्वनी आहे. आणि पुसलेले खरोखर पुसले जाते काय, हा प्रश्न त्या ध्वनीतच दडलेला आहे.

२०१२ साली अशा निर्लेखित वाहनांच्या एका लिलावातून कोल्हापूरकडच्या एका शाळामास्तरांनी बुलेट मोटारसायकल विकत घेतली. मास्तर विज्ञान शिकवीत. पन्नाशी उलटलेली, प्रकृती बेताची, आणि आजवर सायकल व एक गरीब स्कूटर याखेरीज त्यांनी काही चालवलेले नव्हते. घेतलेली वस्तू मोटारसायकल म्हणण्याजोगी राहिली नव्हती. टाकीला पोचे आले होते, बैठकीचा काथ्या बाहेर आला होता, आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात एके काळी जे अक्षर-त्रय रंगवले होते त्यांतील 'पो' आणि 'स' एवढेच शिल्लक होते. मधला 'ली' कुठे तरी उन्हापावसात गेला होता. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मास्तरांनी कुणालाच काही समजावून सांगितले नाही. समजावण्याजोगे कारण त्यांच्यापाशी होते, पण ते सांगितले की हसू येईल अशी त्यांना भीती होती.

कारण असे की मास्तरांचे वडील पोलीस दलात हवालदार होते आणि त्यांच्या उमेदीची वर्षे याच जातीच्या यंत्रावर गेली होती. मंत्री दौऱ्यावर आले की त्यांच्या ताफ्याच्या पुढे जी गाडी धावते तिला 'पायलट' म्हणतात. आबा ती पायलट चालवीत. शाळेतील मुलांना रस्त्याच्या कडेला रांगेने उभे करून हाती कागदी झेंडे देण्याची पद्धत तेव्हा होती. मंत्र्यांची मोटार येऊन जाई, मुले झेंडे हलवीत, मास्तर लोक टाळ्यांची खूण करीत. रांगेतल्या एका मुलाला मात्र मोटार कोणती, मंत्री कोणते, हे पुढे कधीच आठवले नाही. त्याने पाहिले ते मोटारीच्या शंभर पावले पुढे चाललेले आबा: ताठ मान, नजर सरळ, डोक्यावर शिरस्त्राण, आणि मुलाकडे चुकूनही न वळलेला चेहरा. घरी पायताण शोधत फिरणारा, भाकरी करपली तरी काही न बोलणारा हा माणूस रस्त्यावर आला की रस्ता त्याला वाट देतो, हे त्या मुलाने पाहिले आणि ते त्याच्या मनात रुतले. निवृत्तीनंतर आबा सगळीकडे पायी जात. स्वतःच्या मालकीचे वाहन त्यांनी कधी घेतले नाही. २००९ साली ते वारले.

लिलावातील गाडी आबांचीच होती काय? ते सांगणारा कागद नव्हता. कागदावर सांगाड्याचा क्रमांक होता, इंजिनाचा क्रमांक होता. तिच्यावर कोण बसत असे याची नोंद कोणतेही खाते ठेवीत नाही. मास्तरांनी ती शोधण्याची खटपटही केली नाही. न शोधण्यात एक शहाणपण असते.

या यंत्राचा आणि भारतीय राज्यसंस्थेचा संबंध मोठा जुना आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरहद्दीवरील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी म्हणून सरकारने इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनीची ३५० सीसीची बुलेट पसंत केली. मागणी अशी आली की १९५५ मध्ये मद्रासमध्ये भागीदारीत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात ती जोडली व पुढे घडवली जाऊ लागली. मूळ इंग्रज कंपनी १९७० च्या सुमारास इतिहासजमा झाली. तिची मद्रासी लेक धावत राहिली. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या एकाच नळकांड्यात नव्वद मिलिमीटरची लांब धाव घेणारा दट्ट्या, आणि त्यातून निघणारे ते सावकाश, सुटे, मोजता येतील असे ठोके. 'फटफटी' हे नाव मराठीने सगळ्याच मोटारसायकलींना दिले असले तरी ते शोभते हिलाच. सामान्य भारतीयाने ती प्रथम पाहिली ती बहुधा कुणा गणवेशधाऱ्याच्या हाताखाली: सैन्यातला जवान, वाहतूक शाखेचा शिपाई, एखादा फौजदार. तेव्हा सत्तेची खूण ही या यंत्रावर नंतर चढवलेली गोष्ट आहे असे म्हणवत नाही. ती जवळजवळ जन्मखूण आहे.

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर हा लेथ, ओतकाम आणि वेल्डिंग यांचा मुलूख. तेथल्या एका मिस्त्रीकडे गाडी दोन वर्षे होती. मास्तर दर रविवारी जाऊन बसत. काडीकाडी जमवावी तसे सुटे भाग जमवले गेले: उजव्या पायाखालचा जुन्या धाटणीचा गिअर, तारांची चाके, दिव्याच्या डोक्यावरचा तो छोटा ॲमीटर, ज्याचा काटा मधोमध आणल्याशिवाय किक मारू नये असा जुन्या लोकांचा दंडक असे. टाकीवरच्या सोनेरी रेघा मिस्त्रीने हाताने ओढल्या. येथवर कोणाचाच आक्षेप येण्याचे कारण नव्हते. नंतर मास्तरांनी खिशातून एक छायाचित्र काढले. आबा गाडीवर बसलेले. छायाचित्रात जे जे होते ते ते गाडीवर हवे, असे त्यांचे म्हणणे: मोठी काच, काचेवर 'पोलीस' ही अक्षरे, मागे उंच दांड्यावर फिरता दिवा, पुढे सायरन. मिस्त्रीने छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मास्तर, ही गाडी भिंतीला लावून ठेवायची हाय, का रस्त्यावर काढायची?"

मास्तरांना त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. आपण गाडीत काही बदल करीत आहोत असे त्यांना वाटतच नव्हते. ते गाडी मूळ स्वरूपात आणीत होते.

येथे जो पेच पडतो तो पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना अनोळखी नाही. मूळ कोणते? एखाद्या ग्रंथाच्या दहा पोथ्या समोर असाव्यात, प्रत्येक लेखनिकाने आपली भर घातलेली असावी, आणि जी प्रत आपण लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकली तीच आपल्याला अस्सल वाटावी, तसे हे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कुणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. मराठीतील ही पहिली मोठी पाठचिकित्सा. एकनाथांपुढे जो प्रश्न होता तोच, अगदी रोकड्या रूपात, परिवहन कार्यालयातील निरीक्षकापुढे असतो. आणि त्याचे उत्तर कायद्याने निःसंदिग्ध देऊन ठेवले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमात आरंभी मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवून व त्याची मान्यता घेऊन बदल करण्याची मुभा होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती आवळली: नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचाच कडक अर्थ ग्राह्य धरला आणि केरळ उच्च न्यायालयाने लावलेला सैल अर्थ रद्द केला. थोडक्यात, कायद्याच्या लेखी मूळ संहिता कारखान्याची. पोलीस खात्याने नंतर चढवलेला दिवा हा प्रक्षेप. खात्याला तो क्षम्य, कारण त्याला त्याचा अधिकार. आबांच्या मुलाच्या मनातील पाठाला तर कोणतीच मान्यता नाही. तो कुठल्याच पोथीत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने या कलमात अपंगांसाठी जुळवून घेतलेल्या वाहनांसारख्या काही वाटा ठेवल्या, आणि त्याच दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमाने बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. 'दर बदलामागे' हे शब्द पाहण्याजोगे आहेत. यंत्राला केलेला प्रत्येक फेरफार कायदा स्वतंत्रपणे मोजतो. जणू एकेक प्रक्षिप्त ओवी.

दिव्यांचे आणि आवाजाचे नियम वेगळे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०८ वा नियम रंगीत दिव्यांचा, ११९ वा भोंग्यांचा. वेगवेगळे सूर एकापाठोपाठ काढणारा भोंगा रुग्णवाहिकेला, अग्निशामक गाडीला, कर्तव्यावरील पोलिसाला, इतरांना नाही. रंगसुद्धा सगळे मोकळे नाहीत. सैन्याचा तो गर्द हिरवा रंग १२१ व्या नियमाने खाजगी वाहनाला वर्ज्य आहे. २०१८ साली याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरवल्या जाणाऱ्या आपल्या छोट्या मोटारसायकलीच्या स्मरणार्थ एक मर्यादित आवृत्ती काढली, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांना हिरवी मिळाली आणि भारतातील २५० गिऱ्हाइकांना तपकिरीवर समाधान मानावे लागले. ज्या सैन्याने ही जात या देशात रुजवली त्याच सैन्याच्या रंगात ती येथे विकता येत नाही. कायद्यात अशा ठिकाणी एक प्रकारचा विनोद असतो, तो कायदा करणाऱ्यांना बहुधा दिसत नाही.

नियम असे असले तरी दिवे आणि सायरन बाजारात उघड विकत मिळतात. दुकानदार विचारीत नाही, गिऱ्हाईक सांगत नाही. मिस्त्रीने नाराजीने का होईना, दिवा बसवला. 'ली' पुन्हा रंगवला गेला. २०१४ च्या दसऱ्याला गाडीला हार घातला आणि मास्तर ती घेऊन रस्त्यावर आले.

नंतरची तीन वर्षे त्यांनी जे अनुभवले त्याला सुख म्हणावे की आणखी काही, हे सांगणे कठीण आहे. ते सायरन कधी वाजवीत नसत. दिवाही क्वचितच लावीत. तशी गरजच पडत नसे. गाडी दिसली की तीनतीन बसलेली पोरे चौकाआधी उतरून चालू लागत, रिक्षा रांगेला लागत, हातगाडीवाला आपली गाडी दोन हात मागे ओढी. एखादा तरुण शिपाई गोंधळून सलामासाठी हात अर्धवट उचली आणि तो केसांवरून फिरवून खाली घेई. मास्तर मान ताठ ठेवीत, नजर सरळ. आरशात त्यांना आबा दिसत असावेत. आपण कुणाला फसवतो आहोत असे त्यांच्या मनातही आले नाही, आणि यात खोटे काही नव्हते. अंगात खाकी नव्हती, मागितले तर कागद होते, लाभ कसलाच नव्हता. एकदा राधानगरी रस्त्यावर चहासाठी ते थांबले असता मागून आलेला एक टेम्पो आपण होऊन उभा राहिला. चालक उतरला, कागदांची पिशवी पुढे केली. पिशवीच्या तोंडाशी शंभराची नोट दुमडून खोचलेली होती. मास्तरांनी ती परत केली तेव्हा चालकाने मुकाट्याने आणखी एक काढली. हा प्रसंग ते पुढे विनोद म्हणून सांगत. ऐकणारे हसत. सांगणाऱ्यालाच हळूहळू तो सांगावासा वाटेनासा झाला.

१ मे २०१७ पासून देशभर मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. 'लाल दिवा मिळणे' म्हणजे मंत्रिपद मिळणे, असा वाक्प्रचार ज्या भाषेत रुळला आहे तिला ही घटना शब्दकोशातील फेरबदलासारखी होती. आधी डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याचा हक्क मोजक्या घटनात्मक पदांपुरता आखला होता. आता तोही गेला आणि रंगीत दिवे आणीबाणीच्या कामावरील गाड्यांपुरते उरले. खरेखुरे मंत्री दिव्याविना फिरू लागले. कोल्हापूरकडचे एक मास्तर मात्र अजून दिव्याच्या गाडीवरून शाळेला जात होते.

महाराष्ट्राला सोंग नवे नाही. बहुरूपी गल्लीत शिरतो तो पुष्कळदा फौजदाराच्या वेषात. दारात उभा राहून दरडावतो, नसलेल्या गुन्ह्याचा पुकारा करतो, घरातल्या पोरांची क्षणभर गाळण उडते, आणि मग तो स्वतःच हसून हात पसरतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मधला हवालदार लोकांनी डोक्यावर घेतला तो याच परंपरेतला. सोंगाला येथे मान आहे. पण त्या मानाची एक अट आहे. सोंग ओळखले गेले पाहिजे. बहुरूप्याची सगळी कला त्या ओळखीच्या क्षणासाठी असते. तो क्षण आला की भिक्षा घालणारा आणि घेणारा दोघेही मोकळे होतात. ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्या सोंगाला हा क्षण येतच नाही. रस्त्यावरचा माणूस क्षणार्धात वाचतो, बाजूला होतो आणि सोंग पुढे निघून जाते. त्याच्यापुरते ते सोंग नव्हतेच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एका संध्याकाळी मास्तर पाहुण्यांकडून गारगोटी रस्त्याने परतत होते. गाळपाचा हंगाम, उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. एका फाट्यावर एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभी राहिली. मास्तरांनी गाडी थांबवली.

"सायेब, माझी म्हस सोडून न्हेली."

परवा रात्री गोठ्यातून म्हैस गेली होती. दुभती होती. सोसायटीचे कर्ज तिच्यावर होते. म्हातारी चौकीत जाऊन आली होती.

"दोनदा जाऊन आलो, सायेब. उद्या या म्हणत्यात."

मास्तरांनी गाडी स्टँडला लावली. म्हणाले, "आजी, मी पोलीस नव्हे. शाळेत मास्तर आहे."

म्हातारीने काचेवरची अक्षरे पाहिली. तिला ती वाचता येत होती असे नव्हे. मग तिने मागचा दिवा पाहिला, मग मास्तरांचा चेहरा.

"समदी आसंच म्हणत्यात," ती म्हणाली. "ह्यो म्हणतोय माझ्याकडं न्हाई, त्यो म्हणतोय माझ्याकडं न्हाई. तुमी तर पोलीसच न्हवं म्हणाय लागलासा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सवयीने आलेला एक थकवा होता. मास्तरांनी पुन्हा सांगून पाहिले, आबांविषयीही काही सांगू लागले आणि मध्येच थांबले. सत्य सांगूनही ते टाळाटाळीसारखेच ऐकू जाते, असा प्रसंग माणसावर क्वचित येतो. अंगावरचे चिन्ह जे बोलते त्याच्यापुढे तोंडाचे शब्द फिके पडतात. शेवटी त्यांनी एका पावतीच्या पाठीवर म्हातारीचे नाव, गाव आणि म्हशीचा रंग लिहून घेतला. ते लिहून घेणे हीसुद्धा पोलिसाचीच कृती आहे, हे त्यांच्या लक्षात आले ते लिहून झाल्यावर. म्हातारीचा चेहरा त्या लिहिण्याने उजळला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर एसटीने त्या चौकीत गेले. बाकावर दीड तास बसले. ज्याची म्हैस त्याने यावे, असे त्यांना सांगण्यात आले. आणि कायद्याने पाहता त्यात गैर काही नव्हते. म्हैस सापडली नाही.

भारतीय दंड संहितेच्या १७१ व्या कलमात लोकसेवकाचा वेष किंवा चिन्ह वापरण्याचा गुन्हा सांगितला होता. १८६० साली लिहिलेल्या त्या कलमातील २०० रुपयांचा दंड दीडशेहून अधिक वर्षे तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हाच गुन्हा २०५ व्या कलमात आहे आणि दंड ५००० रुपयांपर्यंत. मोटारसायकल हे अशा अर्थी 'चिन्ह' ठरते की नाही, हा वकिलांनी वाद घालावा असा मुद्दा आहे. पण त्या कलमाची वाक्यरचना वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावी. लोकांनी आपल्याला लोकसेवक समजावे असा हेतू असेल तर गुन्हा, हे झालेच. त्याला जोडून एक दुसरा पर्याय येतो: लोक तसे समजण्याचा संभव आहे याची जाणीव असेल तर. हेतू आणि जाणीव. मोटार वाहनाचा कायदा मनात डोकावतच नाही, तो लोखंड पाहतो आणि लोखंडावर काय चढवले ते मोजतो. दंडसंहिता मनात डोकावते, पण तेथे हेतू निर्मळ असल्याच्या ग्वाहीवर थांबत नाही. तुम्हाला काय हवे होते याबरोबरच ती विचारते, तुम्हाला काय ठाऊक होते.

मास्तरांचा हेतू २०१४ मध्ये निर्मळ होता आणि २०१८ मध्येही निर्मळच होता. जाणीव मात्र गारगोटी रस्त्यावर बदलली. टेम्पोवाल्याच्या नोटेपाशीच ती बदलायला हवी होती, असे कुणी म्हणेल. आणि ते खरे आहे. पण नोट पाहून माणसाला स्वतःच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते, त्यात बाकीचे दिसेनासे होते. टेम्पोवाला भ्यायला होता, म्हातारीने भरवसा ठेवला होता. भीतीचा चुकीचा फायदा झाला तर तो परत करता येतो, नोटेसारखा. भरवसा परत कसा करणार? म्हातारीपाशी अगोदरच थोडा उरला होता. त्यातलाही काही भाग एका मुलाच्या आपल्या बापावरील मायेपोटी खर्च झाला.

त्या रविवारी मास्तर उद्यमनगरात गेले. मिस्त्रीने काही विचारले नाही. दिव्याच्या दांड्याचे चार नट सोडवायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. सायरन उतरला. अक्षरे खरवडावी लागली, कारण रंग चांगल्या प्रतीचा होता. 'पो' गेला, 'स' गेला. नव्याने रंगवलेला 'ली' शेवटपर्यंत चिवटपणे बसून राहिला आणि पातळ धातूच्या पात्याने काढावा लागला. त्या जागी चौकटीवर एक फिकट डाग राहिला आहे, तो उन्हात तिरका धरला तर अजून दिसतो.

पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात न्यावी लागली. निरीक्षक तरुण होता. त्याने सांगाड्याचा क्रमांक घासून वाचला, टाकीचा रंग प्रमाणपत्राशी ताडून पाहिला, सायलेन्सरपाशी वाकून आवाज ऐकला. मागच्या बाजूला दांड्याची चार भोके होती त्यांवर त्याने बोट फिरवले आणि मास्तरांकडे पाहिले.

"वडिलांची," मास्तर म्हणाले.

निरीक्षकाने भोके बुजवून घ्या एवढेच सांगितले आणि सही केली.

आबांचे छायाचित्र मास्तरांच्या घरी चौकटीत आहे. त्यात गाडीवर दिवा आहे, काचेवर अक्षरे पूर्ण आहेत. खरा दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. तो विकावा असे त्यांच्या मनात आले होते. विकत घेणारा तो कशावर बसवील, हे मनात आल्यावर बेत राहिला.

गाडी ते अजून चालवतात. रिक्षा आता कट मारून पुढे जातात, तीनतीन बसलेली पोरे शीळ घालतात, ट्रॉलीवाला वाट देत नाही. गारगोटी रस्त्यावरून त्यानंतर त्यांचे दोनदा जाणे झाले. दुसऱ्या खेपेला फाट्यावर ती म्हातारी वैरणीचा भारा शेजारी ठेवून बसली होती. मास्तरांनी गाडी हळू केली. तिने आवाजाच्या दिशेने पाहिले, गाडी पाहिली, गाडीवरचा माणूस पाहिला, आणि पदराने तोंड पुसून एसटी येते का ते पाहण्यासाठी पलीकडे मान वळवली.